पेप्टाईड जोडलेलं औषध पेशीत शिरतं म्हणतात, पण कामाच्या जागी पोचतं का? (डीएमडीच्या धाग्यावरून पुढे)

सातरस्ता

डीएमडीच्या (डुशेन मस्क्युलर डिस्ट्रोफी, मुलांचे स्नायू हळूहळू निकामी करणारा आनुवंशिक आजार) धाग्यावर होटगीरोडकर यांनी विचारलेलं की एक्झॉन ५१ (एक्झॉन म्हणजे जीनमधला एकेक तुकडा) वगळायच्या औषधाला पेप्टाईड जोडून नवीन औषध येणार होतं त्याचं काय झालं, आणि मुळात पेप्टाईड (अमिनो ॲसिडची छोटी माळ) जोडायचं कशाला. तिथं लिहायला घेतलं तर लांबतच चाललं म्हणून हा वेगळा धागा. मी इथंच सोलापुरात कॉलेजला बायोकेमिस्ट्री शिकवतो, डॉक्टर नाही, त्यामुळं गोळ्या-इंजेक्शनचा सल्ला माझ्याकडून घेऊ नका, विज्ञान जेवढं सांगता येईल तेवढं सांगतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बातमीत "पेशीत शिरणारं पेप्टाईड" असं वाचलं की वाटतं अवघड काम झालं, आता औषध आलंच. शिरणं केव्हाच जमलंय. गाडी अडलीय ती शिरल्यानंतर, आणि डीएमडीच्या आईवडिलांनी कुठलीही नवी बातमी वाचताना आधी तेवढंच बघावं असं मला मनापासून वाटतं.

पेशीचं पटल म्हणजे चरबीचा दुहेरी थर, जाडी जेमतेम ५ नॅनोमीटर. पॅरासिटामॉलसारखा बारका रेणू (१५१ डाल्टन, डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप) त्यातून सहज निघून जातो. ५०० डाल्टनच्या वर गेलं की अवघड होत जातं. इन्सुलिन ५८०० च्या आसपास आहे पण त्याला आत जावंच लागत नाही, ते पेशीच्या बाहेरच्या रिसेप्टरला धरतं आणि निरोप आत जातो. डीएमडीवरचं ते एक्झॉन ५१ चं औषध, एटेप्लिरसेन, मात्र १०,३०० डाल्टनचं आहे आणि त्याला नुसतं पेशीत नाही तर पार केंद्रकात जायचंय, कारण आरएनएची (जीनच्या नकलेची) कापाकापी आणि जोडणी तिथं होते. एवढा मोठा रेणू आपणहून आत जात नाही, गेला तरी नावापुरता.

१९८८ साली अमेरिकेत दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांना (फ्रँकेल आणि पाबो एकीकडं, ग्रीन आणि लोवेनस्टाईन दुसरीकडं) एकच विचित्र गोष्ट दिसली. एचआयव्हीचं टॅट नावाचं प्रोटीन पेशी वाढवायच्या द्रावणात नुसतं टाकलं तर ते कुणीही न ढकलता पेशीत जात होतं. मग पॅरिसमध्ये प्रोशियान्झ यांच्या गटाला फळमाशीच्या एका प्रोटीनमध्ये तसंच दिसलं आणि १९९४ ला त्यातला फक्त १६ अमिनो ॲसिडचा तुकडा पुरतो हे त्यांनी दाखवलं, त्याला पेनेट्रॅटिन म्हणतात. १९९७ ला फ्रान्समध्येच विव्हेस आणि लेब्ल्यू यांनी टॅटचाही कामाचा तुकडा वेगळा काढला. त्याचा गाभा १० अमिनो ॲसिडचा, त्यातले ६ आर्जिनिन आणि २ लायसिन, म्हणजे जवळपास सगळा पॉझिटिव्ह चार्ज. पेशीच्या बाहेरच्या अंगाला हेपरान सल्फेट नावाच्या साखरेच्या साखळ्या असतात त्यांच्यावर निगेटिव्ह चार्ज असतो, तिथं हा तुकडा चिकटतो आणि पेशी त्याला ओढून घेते. १९९९ ला डाउडी यांच्या गटानं टॅटला जोडलेलं एक थोरलं एन्झाईम उंदराला टोचलं तर ते शरीरभर, अगदी मेंदूतसुद्धा सापडलं. सगळीकडं एकच उत्साह, आता काहीही कुठंही पाठवता येईल.

आणि मग २००३. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. पेप्टाईडला हिरवा चमकणारा रंग जोडायचा, पेशींवर टाकायचं, मग पेशी मिथेनॉल किंवा फॉर्माल्डिहाईडनं फिक्स करायच्या म्हणजे मारून जागच्या जागी थिजवायच्या आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं, ही सगळ्यांची पद्धत. दिसायचं काय तर पूर्ण केंद्रक हिरवंगार. पण लेब्ल्यू-विव्हेस यांच्याच गटानं पेशी न मारता, जिवंत ठेवून बघितलं तर केंद्रक काळंच! हिरवा रंग होता पण ठिपक्याठिपक्यांत, केंद्रकाच्या बाहेर. फिक्स करताना पटल फाटत होतं, अडकलेलं पेप्टाईड मोकळं होऊन डीएनएच्या निगेटिव्ह चार्जला जाऊन चिकटत होतं आणि मेलेल्या पेशीचं ते चित्र बघून सगळे खूश होत होते. ज्यांनी १९९७ ला तो तुकडा जगाला दिला त्यांनीच सहा वर्षांनी स्वतःचा निष्कर्ष तपासून जाहीर केलं. विद्यार्थ्यांना मी हे दरवर्षी सांगतो.

ते ठिपके म्हणजे एंडोसोम. पेशी बाहेरची वस्तू गिळते तेव्हा पटलाचीच एक पिशवी होते आणि वस्तू त्या पिशवीत राहते. बाहेर पीएच ७.४, पिशवीत हळूहळू ६, मग साडेपाच, शेवटी लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचनाच्या पिशवीत, पाचच्याही खाली, आणि तिथली एन्झाईमं पेप्टाईडचे तुकडे करतात. एसटीनं पाठवलेलं पार्सल सोलापूर स्टँडवर उतरलं पण पार्सल ऑफिसला कुलूप, आणि माल आतच खराब झाला, तशी गत. कागदोपत्री माल सोलापुरात पोचला. तुमच्या हातात काय आलं? बऱ्याच प्रयोगांत पिशवीतून निसटून कामाच्या जागी जाणारा वाटा अगदी थोडा, शंभरातला एखाद-दुसरा असाच निघतो.

होटगीरोडकर

सर लई आभार, वेगळा धागा काढलात. आमच्या मुलाचा एमएलपीए (जीन तपासणीचा) रिपोर्ट ४८ ते ५० डिलीशन, म्हणजे ते एक्झॉन गायब, असा आहे. पायऱ्या चढताना कठडा धरतो, खाली बसलेला उठताना गुडघ्यावर मग मांडीवर हात टेकवत टेकवत उठतो, पोटऱ्या मात्र एकदम जाडजूड दिसतात त्यामुळं घरच्यांना सुरुवातीला पोरगं दणकट आहे असंच वाटायचं. डॉक्टर म्हणाले ५१ वगळायचं औषध ह्याला लागू पडू शकतं पण ते इथं मिळत नाही. माझे दोन प्रश्न. ४८ ते ५० नाहीयेत तर अजून एक काढून टाकल्यानं बरं कसं काय होतं? आणि दुसरा जरा भीतीचा आहे, घरात बायको विचारते की एचआयव्हीचा तुकडा पोराच्या अंगात घालायचा का.

सातरस्ता

वहिनींचा प्रश्न रास्त आहे, आधी तोच घेतो. एचआयव्ही विषाणू व्हायला त्याचा सगळा आरएनए लागतो, त्याची एन्झाईमं लागतात, आवरण लागतं. टॅटचा तुकडा म्हणजे दहा अमिनो ॲसिडची माळ, ती कारखान्यात रसायनांपासून बनवतात, विषाणूपासून काढत नाहीत. तिच्यातून संसर्ग होऊच शकत नाही. आणि डीएमडीच्या औषधात तर बहुतेक ठिकाणी टॅट नाहीच, मुख्यतः आर्जिनिनवर बेतलेली वेगळी पेप्टाईडं आहेत.

आता डिलीशन. डीएमडीत डिस्ट्रोफिन हे स्नायूचं प्रोटीन नीट बनत नाही, त्याच्या जीनमध्ये ७९ एक्झॉन आहेत. पेशी आरएनए वाचते ती तीन-तीन अक्षरांनी. तुमच्या रिपोर्टचाच हिशोब करू. एक्झॉन ४८ मध्ये १८६ अक्षरं, ४९ मध्ये १०२, ५० मध्ये १०९. बेरीज ३९७. तिनानं भागा, १ उरतो. म्हणजे तिथून पुढचं सगळं वाचन एका अक्षरानं सरकतं, थोड्याच अंतरावर चुकीचा पूर्णविराम येतो आणि प्रोटीन अर्धवट राहून नष्ट होतं. आता औषध आरएनएला चिकटवून ५१ सुद्धा वगळा, त्यात २३३ अक्षरं. ३९७ अधिक २३३ म्हणजे ६३०, तिनानं भागलं तर बरोबर २१०, बाकी शून्य. मधला तुकडा गेला पण पुढचं वाचन रुळावर आलं. प्रोटीन थोडं आखूड होतं पण त्याची दोन्ही टोकं शाबूत राहतात आणि स्नायूला धरून ठेवायचं काम तीच करतात. बेकर डिस्ट्रोफीच्या लोकांत अशीच आखूड प्रोटीनं असतात आणि त्यांचा आजार बराच सौम्य असतो. म्हणून "बरं होतं" असं नाही म्हणणार मी, डुशेनचं बेकरकडं सरकवायचा प्रयत्न आहे हा.

एटेप्लिरसेनला अमेरिकेत २०१६ ला मंजुरी मिळाली. दर आठवड्याला शिरेतून, किलोमागं ३० मिलिग्रॅम. त्या मंजुरीमागं आकडा काय होता बघा, ४८ आठवड्यांनी डिस्ट्रोफिन नॉर्मलच्या सरासरी ०.१६ टक्क्यांवरून ०.४४ टक्क्यांवर. अर्धा टक्कासुद्धा नाही. अमेरिकेच्या औषध खात्यात तेव्हा ह्यावरून मोठा वाद झाला होता. औषधाची अक्षरं बरोबर आहेत, आरएनएला बरोबर जागी चिकटतं, फक्त ते पेशीत पुरेसं जातच नाही आणि बरंचसं किडनीतून लघवीवाटे निघून जातं. हृदयाच्या स्नायूत तर जवळपास नाहीच. पेप्टाईड जोडायचं ते ह्यासाठी. उंदरांमध्ये पेप्टाईड जोडल्यावर पायाच्याच काय पण हृदयाच्या स्नायूतसुद्धा डिस्ट्रोफिन आलं होतं, २००८ च्या सुमारास ते निकाल आले तेव्हा ह्या क्षेत्रात खरोखर आनंद झाला होता.

माणसात त्याचं रूप म्हणजे व्हेसलेटेप्लिरसेन. आठवड्याऐवजी चार आठवड्यांतून एकदा, आणि डिस्ट्रोफिन सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास. ०.४४ आणि ५ ह्यातला फरक कुणालाही कळेल. पण काही मुलांच्या रक्तातलं मॅग्नेशियम धोकादायक पातळीपर्यंत उतरलं, २०२२ ला चाचणी काही काळ थांबवावी लागली, नंतर मॅग्नेशियम देऊन पुढं चालू केली आणि २०२४ च्या शेवटी कंपनीनं ते औषध पुढं न्यायचं नाही असं ठरवलं. तुम्ही विचारलेलं "काय झालं" ते हे झालं.

जुळे_सोलापूर

माझं मेडिकल आहे म्हणून मॅग्नेशियमबद्दल दोन शब्द. लोकांना वाटतं मॅग्नेशियम कमी झालं तर काय, गोळी घेऊ. पण ते फार उतरलं की पेटके येतात, हातपाय आखडतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात. डीएमडीच्या मुलांचं हृदय आधीच नाजूक असतं, त्यांच्यात हा साइड इफेक्ट किरकोळ समजून चालत नाही. सर, हे पेप्टाईडमुळंच होतं का औषधामुळं? आणि गंमत म्हणजे आर्जिनिननं भरलेलं प्रोटीन आम्ही रोज विकतोच की, एनपीएच इन्सुलिन, ते पांढरट, हातात हलकं फिरवून घ्यायचं असतं ते. त्यातलं प्रोटामिन माशाच्या शुक्रपेशींपासून काढलेलं असतं आणि त्यात साधारण दोन तृतीयांश आर्जिनिनच. तिथं ते इन्सुलिनला धरून ठेवतं म्हणून इन्सुलिन हळूहळू सुटतं.

सातरस्ता

प्रोटामिनची आठवण फार छान काढलीत ताई. बायपासच्या ऑपरेशननंतर हेपारिन उतरवायलाही तेच देतात, कारण हेपारिन निगेटिव्ह आणि प्रोटामिन पॉझिटिव्ह. पेशीवरचं हेपरान सल्फेट हे हेपारिनचंच भावंड, त्यामुळं आर्जिनिनची पेप्टाईडं पेशीला का चिकटतात ते ह्यावरून लगेच लक्षात येतं.

मॅग्नेशियमचा संबंध पेप्टाईडकडंच जातो. साधं, पेप्टाईड नसलेलं औषध वर्षानुवर्षं देतायत तिथं हा त्रास असा दिसत नाही. जास्त पॉझिटिव्ह चार्ज असलेली पेप्टाईडं किडनीच्या नलिकांत साठतात, आणि शरीर मॅग्नेशियम परत शोषून घेतं तेही किडनीच्या नलिकांतच, त्यामुळं संबंध तिथं असावा. ज्या चार्जमुळं पेशी त्याला आत घेते तोच चार्ज किडनीला जड जातो.

चिंचोलीवाला

मी चिंचोली एमआयडीसीत प्रॉडक्शनला आहे, पेप्टाईडचं काम आधी हैदराबादला असताना जवळून बघितलंय. लोक विचारलालेत की हे औषध एवढं महाग का, तर ते बनतं कसं ते सांगतो बघा. मेरिफिल्ड नावाच्या माणसानं १९६३ ला पद्धत काढली, १९८४ ला त्याला त्यावर नोबेल मिळालं. बारीक वाळूसारखे रेझिनचे मणी घ्यायचे, त्याला पहिलं अमिनो ॲसिड चिकटवायचं, मग एकेक जोडत जायचं. प्रत्येक जोडणीच्या आधी वरचा संरक्षक गट काढायचा, धुवायचं, पुढचं जोडायचं, परत धुवायचं. ह्या धुण्यातच डीएमएफ सॉल्व्हंट पिंपच्या पिंप जातं आणि त्याची विल्हेवाट हा वेगळाच खर्च. शेवटी टीएफए नावाचं जहाल ॲसिड घालून माळ मण्यावरून सोडवायची, मग एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करायचं यंत्र) शुद्ध करायची, मग फ्रीझ ड्राय.

आता हिशोब करा. प्रत्येक जोडणी ९९ टक्के झाली तर चांगलं झालं असं वाटतं ना? ३० जोडण्यांनंतर बरोबर माळ राहते फक्त ७४ टक्के. जोडणी ९५ टक्के झाली तर ३० नंतर २१ टक्के! बाकी सगळा कचरा, आणि तो कचरा दिसायला असली मालासारखाच, एखादं अमिनो ॲसिड कमी एवढाच फरक, म्हणून एचपीएलसीवर वेगळा करताना घाम फुटतो. त्यात आर्जिनिन सलग सहा-आठ आले की अजून त्रास, त्याचा संरक्षक गट मोठा असतो, एकमेकांच्या आड येतात, जोडणी रेंगाळते आणि शेवटी ॲसिडमध्ये जास्त वेळ ठेवावं लागतं. म्हणून दहा अमिनो ॲसिड ऐकायला बारकं वाटतं पण आर्जिनिनची माळ शुद्ध काढणं हे कसबाचं काम आहे. आणि हे झालं नुसतं पेप्टाईड, त्याला पुढं औषध जोडायचं, परत शुद्ध करायचं.

पार्कचौक

भावांनो मधेच एक विचारतो. आमच्या जिमला एक जण पेप्टाईडच्या बाटल्या आणून देतो, बीपीसी १५७ म्हणून, खांदा दुखत होता तर म्हणला टोच, पेशीत जाऊन दुरुस्त करतं. हे तेच का?

जुळे_सोलापूर

नाही रे भाऊ, अजिबात नाही आणि टोचू नकोस. बीपीसी १५७ हे १५ अमिनो ॲसिडचं पेप्टाईड आहे, माणसासाठी औषध म्हणून त्याला मंजुरी नाही, बाटलीवर बहुतेकदा "फक्त संशोधनासाठी" असंच छापलेलं असतं, आणि खेळाडूंसाठी तर वाडानं (जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) २०२२ पासून त्यावर बंदी घातलीय. वरती चिंचोलीवाल्या दादांनी कचऱ्याचा हिशोब दिलाय तो परत वाच आणि विचार कर की त्या बाटलीतलं कुणी शुद्ध केलं, निर्जंतुक कुणी केलं, तपासलं कुणी. खांदा ऑर्थोच्या डॉक्टरांना दाखव.

चिंचोलीवाला

ताईंचं ऐक बे. टीएफए नीट निघालं का नाही, जिवाणूंचे विषारी अंश राहिलेत का, हे बघायला लॅब लागते. डोळ्यानं सगळी पांढरी पावडर सारखीच दिसते.

बाळीवेस

सगळं वाचलं. सातरस्ता सर, तुमचं लिखाण चांगलं आहे पण मला प्रश्न पडलाय की १९८८ पासून आत्तापर्यंत एवढी वर्षं गेली, पेप्टाईडवर बसून आत जाणारं एक तरी औषध बाजारात पेशंटच्या कामी आलं का? नाहीतर डीएमडीच्या आईबापांना आशा लावून ठेवायची आणि हातात काही नाही, हे बरोबर वाटत नाही मला. दुसरं, माझ्या थोरल्या भावाला न्यूरोएंडोक्राईन ट्यूमर होता, त्याला मुंबईला ल्युटेशियमचे डोस दिले, तिथल्या डॉक्टरांनी सांगितलेलं की ह्यात पेप्टाईड असतं. ते हेच का वेगळं?

सातरस्ता

अण्णा, तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकमेकांतच आहे.

तुमच्या भावाला दिलेलं ते ल्युटेशियम १७७ डोटाटेट असणार. त्यातलं पेप्टाईड आठ अमिनो ॲसिडचं, सोमॅटोस्टॅटिन ह्या आपल्या शरीरातल्याच हार्मोनच्या धर्तीवर बनवलेलं. ह्या ट्यूमरच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिनचे रिसेप्टर खच्चून भरलेले असतात, पेप्टाईड तिथं जाऊन बसतं आणि पेशी त्याला रिसेप्टरसकट आत ओढते. अमेरिकेत २०१८ ला मंजुरी मिळाली, आणि आपल्याकडचं ल्युटेशियम मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं. म्हणजे हो, पेप्टाईडवर बसून पेशीत जाणारं औषध पेशंटच्या कामी आलंय, तुमच्या घरातच आलंय.

पण ते का जमलं बघा. तेही एंडोसोमच्याच पिशवीत अडकतं! फक्त त्याला तिथून बाहेर पडायची गरज नाही. ल्युटेशियमचा किरण दोन मिलिमीटरपर्यंत जातो, त्याच्यापुढं पेशी केवढी, मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढी. पिशवीत बसून मारला तरी केंद्रकाला लागतो. डीएमडीच्या औषधाला मात्र स्वतः चालत केंद्रकात जावं लागतं. जिथं पिशवीतून सुटायची अट नव्हती तिथं पेप्टाईड जिंकलं आणि जिथं ती अट आहे तिथं अजून झगडतंय, एवढं सरळ आहे हे.

अपयशंही सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. स्ट्रोकमध्ये मेंदूच्या पेशी वाचवायला टॅट जोडलेलं नेरिनेटाईड नावाचं २० अमिनो ॲसिडचं पेप्टाईड होतं. २०२० ला १,१०५ पेशंटवरच्या चाचणीचे निकाल आले, सगळे मिळून फायदा दिसला नाही. शोधल्यावर लक्षात आलं की गुठळी विरघळवायला जे अल्टेप्लेस देतात त्यानं रक्तात प्लाझ्मिन नावाचं एन्झाईम तयार होतं, आणि प्लाझ्मिन नेमकं लायसिन-आर्जिनिनपाशीच कापतं. टॅट म्हणजे तेच दोन! औषध मेंदूत पोचायच्या आधी रक्तातच तुटत होतं. ज्यांना अल्टेप्लेस दिलं नव्हतं त्यांच्यात बरं चित्र वाटलं म्हणून फक्त तशाच पेशंटवर पुन्हा चाचणी झाली, तिच्यातही फायदा सिद्ध झाला नाही.

म्हणून आशा लावून ठेवू नये हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण काम वाया गेलं असं मी म्हणणार नाही. अडतंय कुठं हे आता नेमकं माहीत आहे आणि लोक तिथंच काम करतायत. इन्फ्लुएन्झाचा विषाणू एंडोसोममधून सुटतोच ना? त्याच्यावरचं हिमॅग्लुटिनिन नावाचं प्रोटीन पीएच उतरला की आकार बदलतं आणि पिशवीच्या पटलात घुसतं, त्यावरून बेतलेली पेप्टाईडं आहेत. मधमाशीच्या विषातलं मेलिटिन, २६ अमिनो ॲसिडचं, पटल फोडण्यात पटाईत, पण ते तांबड्या पेशीही फोडतं म्हणून त्याला आवरणं हेच काम. ओहायोत देहुआ पेई यांच्या गटानं माळेची दोन टोकं जोडून गोल केलेली पेप्टाईडं काढली, ती एन्झाईमना लवकर तोडता येत नाहीत आणि पिशवीतून सुटण्यात टॅटपेक्षा कितीतरी सरस निघाली, त्या जातीचं डीएमडीचं औषध माणसांवरच्या चाचणीपर्यंत आलंय. काही कंपन्यांनी पेप्टाईड सोडून अँटीबॉडी धरली, स्नायूच्या पेशीवर लोह आत नेणारा ट्रान्सफेरिन रिसेप्टर असतो त्याला चिकटणारी, आणि त्यातल्या काहींचे डिस्ट्रोफिनचे आकडे चांगले येतायत. पेप्टाईडचा माझा आवडता विषय असला तरी हे सांगायलाच पाहिजे.

बाळीवेस

आता कळलं. भावाला डोस दिल्यावर काही दिवस नातवंडांपासून लांब राहायला सांगितलेलं, वेगळा संडास वापरायला सांगितलेला, तेव्हा नुसतं किरणं एवढंच डोक्यात होतं. धन्यवाद सर.

होटगीरोडकर

सर, ०.४४ आणि ५ चा फरक वाचून रात्री बराच वेळ झोप लागली नाही. आम्हाला एका ठिकाणी स्टेम सेलचं सांगितलेलं, काही लाख रुपये, आणि आता तिथलाच माणूस फोन करतोय की स्टेम सेलबरोबर पेप्टाईड थेरपी पण देतो म्हणून. गावाकडची जमीन काढायचा विषय घरात चाललाय. काय करू?

जुळे_सोलापूर

दादा जमीन विकू नका, कळकळीनं सांगते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या स्टेम सेल नियमावलीत रक्ताच्या वगैरे मोजक्या आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, डीएमडीसाठी तर नाहीच. मंजूर चाचणीतल्या पेशंटकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत, त्यामुळं लाख मागितले की तिथंच ओळखा. आणि डीएमडीसाठी मंजूर झालेली "पेप्टाईड थेरपी" जगात कुठंच नाहीये, वरती सरांनी डीएमडीच्या पेप्टाईड जोडलेल्या औषधांचं लिहिलंय ते सगळं चाचण्यांमधलं आहे.

त्यापेक्षा राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण २०२१ बघा. डीएमडी त्याच्या यादीत आहे, तिसऱ्या गटात, आणि केंद्रांमार्फत ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. आपल्याला जवळचं केंद्र म्हणजे मुंबईचं केईएम हॉस्पिटल. लगेच औषध मिळेल असं नाही सांगत, पण नाव नोंदलेलं असावं. स्टेरॉईड चालू असेल तर मनानं एकदम बंद करू नका, मुलं जास्त वर्षं चालती राहण्यात त्याचा वाटा दिसलेला आहे आणि अचानक सोडणं धोक्याचं असतं. वर्षातून एकदा टूडी इको कराच, मुलगा चालता-फिरता असला तरी. आणि वहिनींची, त्यांच्या बहिणींची कॅरिअर टेस्ट (स्वतःला आजार नसला तरी बिघडलेला जीन अंगात आहे का ते बघायची) झालीय का? ते राहून जातं बघा.

चिंचोलीवाला

होटगीरोडकर दादा, तुमचं दुःख कळतं. त्या फोनवाल्याला एवढंच विचारा की पेप्टाईडचं नाव काय, त्यातल्या अमिनो ॲसिडची माळ लिहून द्या आणि बॅचचं शुद्धतेचं सर्टिफिकेट दाखवा. असली बनवणाऱ्याकडं हे तिन्ही असतंच असतं.

होटगीरोडकर

विचारलं. "डॉक्टर सांगतील" म्हणाला आणि मग फोन उचलत नाहीये. जमिनीचा विषय बंद केला. कॅरिअर टेस्ट राहिलीय, मेहुणीचं लग्न ठरतंय, आता आधी ते करतो. केईएमची चिठ्ठी इथल्या डॉक्टरांकडून मागतो.

सर शेवटचं. पुढं अशी बातमी आली की मी काय बघू? बातमीत सगळं "आशादायक" असंच लिहिलेलं असतं.

सातरस्ता

डिस्ट्रोफिन किती टक्के आलं ते बघा, आणि ते वेस्टर्न ब्लॉटनं (थेट प्रोटीन मोजायची पद्धत) मोजलंय का ते बघा. कधीकधी नुसतं "एक्झॉन वगळला गेला" एवढाच आकडा देतात, तो आरएनएचा असतो, प्रोटीन त्यापेक्षा कमीच निघतं. मग स्नायू कुठला. चाचण्यांत बहुतेकदा दंडाचा तुकडा काढतात, आणि दंडात आलं म्हणजे हृदयात आणि श्वासाच्या पडद्यात आलं असं धरता येत नाही, हृदयाचा तुकडा कुणी मुलाचा काढणार नाही, म्हणून तिथं एमआरआय किंवा इकोवरून अंदाज लावावा लागतो आणि त्याला वर्षं जातात. उंदराचा निकाल असेल तर माणसाच्या निकालाची वाट बघा, उंदराला किलोमागं जेवढं देता येतं तेवढं मुलाला देता येत नाही. पेप्टाईड असेल तर मॅग्नेशियम आणि किडनीचा मजकूर शोधा, बातमीत बहुधा शेवटच्या परिच्छेदात असतो. आणि मुलं खालून उठायला आधी किती सेकंद घेत होती, आता किती घेतात, हे दिलंय का बघा.

तुमच्या मुलाचा उठायचा वेळ आत्तापासून दर तीन महिन्यांनी लिहून ठेवा, मोबाईलवर व्हिडिओ काढून तारखेसकट. पुढं कुठल्याही केंद्रात गेलात तर हा रेकॉर्ड त्यांना उपयोगी पडतो. रिपोर्ट इथं टाकायचा असेल तर नाव आणि लॅबचा नंबर झाकून टाका, डिलीशनची ओळ तेवढी दिसू द्या, कुठली चाचणी लागू पडते ते आपण मिळून शोधू.